ऑर्डरी तिसऱ्या हिश्शाने घटल्या: ही मंदी आहे का, आणि माणसं कमी करावीत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नाशिकच्या अंबडला भाड्याच्या गाळ्यात चार सीएनसी टर्निंग आणि दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं) आहेत, माणसं चौदा. महिन्याचं बिलिंग जीएसटी सोडून १८ लाख होतं, ते गेले तीन महिने ११.५ लाखांवर अडकलंय. २५ लाखांची सीसी (बँकेची कॅश क्रेडिट लिमिट) आहे आणि मशीनचा हप्ता १ लाख ५ हजार. तुम्ही विचारता: ही मंदी आहे का, किती दिवस चालेल, पाच माणसं कमी करू का, मिळेल त्या रेटला काम उचलू का, आणि घर तारण ठेवून टॉप-अप कर्ज घेऊ का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फार कामाचं नाही. देशाचं उत्पादन सलग दोन तिमाही आकसलं की मंदी म्हणायची, हा पुस्तकी ठोकताळा. त्या मापाने भारतात मंदी क्वचितच येते. १९६५-६६ आणि १९७९-८० ला दुष्काळाने अर्थव्यवस्था आकसली, २०२० ला लॉकडाऊनने. २००८ साली जगभर पडझड झाली तेव्हाही आपली वाढ मंदावली, उलटी फिरली नाही. पण २०१९ आठवा. देशाचा जीडीपी वाढतच होता आणि अंबड-सातपूरला वाहनांचे पार्ट करणाऱ्यांच्या शिफ्टा बंद होत होत्या. कारणं चार-पाच होती आणि ती एकाच वेळी आली. जुलै २०१८ ला ट्रकला जास्त वजन वाहायची परवानगी मिळाली, म्हणजे तेवढाच माल कमी ट्रकमध्ये मावायला लागला. त्याच सप्टेंबरात नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. एक मोठी वित्तसंस्था कोसळून एनबीएफसींकडचा, म्हणजे बँक नसलेल्या कर्जसंस्थांकडचा पैसा आटला. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम येणार हे माहीत असल्याने गिऱ्हाईकही थांबलं आणि कंपन्याही जुना स्टॉक संपवत बसल्या. तेव्हा देशात मंदी आहे की नाही यापेक्षा माझ्या पार्टची मागणी का घटली, हे शोधणं जास्त महत्त्वाचं.

घट तीन प्रकारची असते. एक, गिऱ्हाईक आपला साठा कमी करतंय. दोन, शेवटच्या ग्राहकाची मागणीच खाली आलीय. तीन, तुमचा पार्टच कालबाह्य होतोय. तिन्हींत शेड्यूल (गिऱ्हाईकाची महिन्याची मागणी) सारखंच घटलेलं दिसतं, पण इलाज एकमेकांच्या उलट असतात.

पहिला प्रकार आकड्यांत बघा, कारण घाबरून चुकीचे निर्णय इथेच होतात. समजा कंपनी महिन्याला १,००० गाड्या विकते, प्रत्येकीत तुमचा एक पार्ट, आणि ती महिनाभराचा म्हणजे १,००० नगांचा साठा ठेवते. विक्री दहा टक्क्यांनी घटून ९०० वर आली. फायनान्सवाल्यांनी सांगितलं, साठा वीस दिवसांवर आणा, म्हणजे ६०० नग. त्या महिन्याची गरज: विक्रीचे ९००, अधिक हवा असलेला साठा ६००, वजा हातातले १,०००. उत्तर ५००. गाड्या दहा टक्क्यांनी घटल्या आणि तुमचं शेड्यूल निम्म्यावर आलं. पुढच्या महिन्यात साठा जागेवर आला की तेच शेड्यूल ९०० होतं. खरं तर हे एका महिन्यात संपत नाही, दोन-चार महिने रेंगाळतं. मधे टियर-वन, म्हणजे कंपनीला थेट माल देणारा असेल तर तोही आपला साठा कापतो, मग झटका आणखी मोठा.

हे ओळखायचं कसं? परचेसला विचारू नका, तो रेट पाडायच्या नादात असतो. स्टोअर किंवा प्लॅनिंगमधल्या माणसाला विचारा, "आपल्या पार्टचा साठा किती दिवसांचा ठेवलाय आणि किती आला होता?" दुसरी खूण सगळ्यांना उघडी आहे. सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेचे आकडे कंपन्यांनी डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात, फाडा या डीलरांच्या संघटनेचे आकडे आरटीओत नोंदल्या गेलेल्या गाड्यांचे. दर महिन्याला दोन्ही शेजारी लिहा. डीलरकडे जाणाऱ्या गाड्या जोरात घटल्या आणि नोंदणी तेवढी घटली नाही, तर साठ्याची सफाई चाललीय. दोन्ही सारख्याच घटल्या तर मागणीच गेली. आणि बाकीच्या पार्टचं शेड्यूल ठीक असून तुमच्या एखाद्या डिझेल इंजिनच्या पार्टचंच घटत असेल, तर मंदीला दोष देऊ नका. तो पार्ट परत येणार नाही.

आता तुमच्याच आकड्यांवर येऊ. तुम्ही दिलेल्या खर्चावरून बार मटेरियल ४५ टक्के, इन्सर्ट-कूलंट ६, मशीनवर चढणारी वीज ४, प्लेटिंग आणि वाहतूक ५. म्हणजे शंभर रुपयांच्या बिलामागे साठ रुपये कामाबरोबर जातात आणि चाळीस उरतात. त्या चाळिसांतून दर महिन्याला भागवायचं काय? पगार ३.२० लाख, गाळ्याचं भाडं ६० हजार, विजेचा स्थिर आकार १५ हजार, ऑफिस-अकाउंटंट-मेंटेनन्स ४० हजार, हप्ता १.०५ लाख, सीसीचं व्याज सुमारे २२ हजार, तुमची घरची उचल ८० हजार. एकूण ६.४२ लाख. १८ लाखांवर ७.२० लाख उरायचे, तेव्हा पाऊण लाख शिल्लक पडायची. ११.५ लाखांवर ४.६० लाख उरतात, म्हणजे महिन्याला १.८२ लाखांचा खड्डा. सगळं आहे तसं ठेवलं तर ना नफा ना तोटा व्हायला १६ लाखांचं बिलिंग लागतं. हे आकडे तुमच्याच टॅलीतून पुन्हा काढा. मटेरियल गिऱ्हाईकाचं असेल तर चित्र पार बदलतं.

तुम्ही लिहिलंय, "तीन महिने तर निभावलं, बँकेत पैसे होते." इथेच मंदी फसवते. तुमची येणी पंचाहत्तर दिवसांची आहेत. म्हणजे बिलिंग घसरल्यावरही अडीच महिने जुन्या १८ लाखांच्या बिलांचे पैसे येत राहिले आणि बारची खरेदी मात्र ११.५ लाखांच्या हिशेबाने झाली. खातं भरलेलं दिसलं. तो मोसम आता संपला, कारण या महिन्यापासून वसुलीही ११.५ लाखांचीच येणार.

आणि जे पैसे सुटले ते तुमचे नव्हतेच. येणी ४५ लाखांवरून सुमारे २९ लाखांवर आली. आता ड्रॉइंग पॉवरचं, म्हणजे लिमिटमधलं प्रत्यक्षात किती उचलता येईल याचं गणित लावा. दर बँकेचं मार्जिन वेगळं असतं. उदाहरणादाखल स्टॉकमधून देणी वजा करून ७५ टक्के आणि नव्वद दिवसांच्या आतल्या येण्यांवर ६० टक्के धरू. आधी: स्टॉक १० लाख वजा देणी ८, उरले २, त्याचे दीड लाख. येणी ४५ पैकी ६ लाख नव्वद दिवसांपुढची, ३९ लाखांचे ६० टक्के २३.४. बेरीज २४.९, म्हणजे २५ ची लिमिट जवळजवळ पूर्ण वापरता यायची. आता: स्टॉक ९ वजा देणी ५, म्हणजे ४, त्याचे ३ लाख. येणी २९, पण गिऱ्हाईकं पेमेंट लांबवतायत म्हणून नव्वद दिवसांपुढची ९ झाली. उरलेल्या २० लाखांचे १२. बेरीज १५. कागदावर २५ ची लिमिट तशीच आहे, पण बँक त्यातले १० लाख परत मागणार. वसुलीतून आणि स्टॉकमधून सुटले सव्वासतरा लाख, सप्लायरची देणी फेडण्यात गेले ३, उरले सव्वाचौदा. त्यातले १० बँकेचे आणि तीन महिन्यांच्या खड्ड्यात गेले साडेपाच. लाख-सव्वा लाख कमीच पडतात. म्हणून म्हणतो, बॅलन्स बघून निर्णय घेऊ नका.

यावर "स्टॉक स्टेटमेंट जरा फुगवून द्या" असा सल्ला देणारे भेटतील. देऊ नका. स्टॉक ऑडिटला येणारा माणूस तुमच्या जीएसटी विवरणाशी आकडे जुळवतो, आणि एकदा खोटं सापडलं की त्या बँकेत पुढची दहा वर्षं तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

त्याऐवजी तेरा आठवड्यांचा तक्ता करा. एक्सेल नसेल तर वहीत आडव्या तेरा रकान्यांत करा. वर वसुली: गिऱ्हाईकाने कबूल केलेली तारीख लिहू नका, गेल्या तीन बिलांचे पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी आले ते धरा. खाली देणी, ज्यांची तारीख हलत नाही ती आधी: पगार, पीएफ-ईएसआय १५ तारखेला, जीएसटी २० ला किंवा क्यूआरएमपीत (तिमाही विवरणाच्या योजनेत) असाल तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा २५ ला, हप्ता. जीएसटी इथे हमखास विसरला जातो. बिल काढलं की १८ टक्के देय होतो, मग गिऱ्हाईक शंभर दिवसांनी पैसे देवो. पीएफ थकवून पगार भागवणं ही तर सगळ्यात वाईट उधारी. त्यात कामगाराचा कापलेला पैसा असतो, आणि वर व्याज आणि दंड दोन्ही लागतात. तक्त्यात ज्या आठवड्यात शिल्लक उणे जाते, तो आठवडा लाल करा. बँकेत जायचं ते त्याच्या आधी सहा आठवडे.

बँकेत वेळेवर जाण्याला फार महत्त्व आहे. हप्ता १ ते ३० दिवस थकला की खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे थकायला लागलेलं खातं), ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२, आणि त्यानंतर एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. एसएमएचा शिक्का सिस्टीम आपोआप मारते, मॅनेजर चांगला असून उपयोग नाही. खातं स्वच्छ असताना गेलात तर तीन गोष्टी मागता येतात. सीसीतला न झेपणारा भाग टर्म लोन करून हप्त्याने फेडणं, मशीनच्या कर्जाची मुदत वाढवणं, आणि कर्ज जुन्या एमसीएलआरवर (बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर) असेल तर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी) जोडलेल्या दरावर नेणं. मंदीत रिझर्व्ह बँक दर कापते. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आला होता. रेपोला जोडलेलं कर्ज निदान तीन महिन्यांतून एकदा तरी बदलतं, जुनं रेंगाळतं. मात्र एक सावधगिरी: अडचण आहे म्हणून मुदत वाढवली की ते रीस्ट्रक्चरिंग (अडचणीतल्या कर्जाची फेररचना) धरलं जाऊन खात्याचा दर्जा घसरू शकतो. "याने खातं स्टँडर्ड राहील का?" हे लेखी विचारा. नाही म्हणाले, तर स्वच्छ रेकॉर्डवर दुसऱ्या बँकेकडून उरलेल्या रकमेचं लांब मुदतीचं कर्ज घेऊन पहिलं फेडणं बरं.

घर तारण ठेवायच्या प्रश्नाला माझं उत्तर: खड्डा तात्पुरता असेल तरच, आणि तोही शेवटचा उपाय म्हणून. वसुली लांबलीय म्हणून पडलेली खिंड कर्जाने भरता येते. दर महिन्याचा तोटा कर्जाने भरला तर तोटा तसाच राहतो आणि वर हप्ता वाढतो. आधी बँकेला सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या) हमीवर विनातारण कर्ज मिळतं का ते विचारा. एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटी आहे, तुमची गरज त्यात सहज बसते. बायकोचं सोनं, मुलांची एफडी, मेडिक्लेम आणि टर्म विम्याचा हप्ता हे धंद्याच्या हिशेबाबाहेर ठेवा. घरासाठी सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात टाकून मगच कारखान्याचं बघा.

आता माणसं. तुम्ही पाच जण म्हणता, महिन्याला लाखभर वाचतील. पण जाणाऱ्याला द्यावं काय लागतं ते मांडा. १८ हजार बेसिक-डीए असलेला सहा वर्षं जुना ऑपरेटर धरू. कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा पगार: १८ हजार. पूर्ण केलेल्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार: सुमारे ५४ हजार. ग्रॅच्युइटी, १५ भागिले २६ च्या हिशेबाने: ६२ हजार. बेरीज १.३४ लाख. पाच जणांचे पावणेसात लाख, तेही नेमके रोख नसलेल्या महिन्यात. ग्रॅच्युइटी आज ना उद्या द्यायचीच आहे हे खरं, पण ती आज द्यावी लागेल. वाचवलेल्या पगारातून हे भरून यायला सहा-सात महिने लागतात. घट साठ्याच्या सफाईची असेल तर त्याआधीच शेड्यूल परत येईल, आणि तुमचा सेटर तोवर सिन्नरच्या एखाद्या कारखान्यात रुजलेला असेल. ज्याला ड्रॉइंग वाचून पहिला पीस पास करता येतो तो माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. पार्टच कालबाह्य होत असेल तर मात्र थांबू नका. तिथे रेंगाळलात तर पुढे देणी भागवण्याइतकेही पैसे उरणार नाहीत.

माणसं न काढता काय होतं? ओव्हरटाइम बंद, दोन शिफ्टऐवजी एक, शिल्लक रजा आळीपाळीने वापरणं. कामाचे दिवस कमी करायचे असतील तर सगळ्यांसमोर आकडे मांडून, लेखी संमतीने आणि किमान वेतनाच्या खाली न जाता. कधी पगार पुन्हा पूर्ण होणार याची अटही त्याच कागदावर लिहा, उदाहरणार्थ सलग दोन महिने १५ लाखांचं बिलिंग. लोक कपात सहन करतात, अंदाजपंचे कारभार सहन करत नाहीत.

याचं एकत्रित गणित असं. तुमची उचल ८० वरून ५० हजार, वाचले ३०. ओव्हरटाइम आणि शिफ्टमधून २५. मालकाशी बोलून सहा महिन्यांसाठी भाडं ८ हजारांनी कमी, गाळे रिकामे पडत असताना हे होतं. हप्त्याची मुदत वाढून ३५. एकूण ९८ हजार. स्थिर खर्च ५.४४ लाखांवर आला की १३.६ लाखांच्या बिलिंगला तुम्ही पाण्यावर राहता. हप्त्याचं नाही जमलं तर साडेचौदा. म्हणजे तुम्हाला १८ लाखांचा गेलेला काळ परत आणायचा नाहीये, ११.५ वर दोन-तीन लाखांचं काम शोधायचं आहे.

ते काम कुठल्या रेटला घ्यायचं? मशीन रिकामं असताना मटेरियल, इन्सर्ट, वीज, प्लेटिंग, वाहतूक वजा जाता काही उरत असेल तर घ्यायला हरकत नाही. पण फक्त नवा पार्ट, ठरलेले नग आणि ठरलेली मुदत. चालू पार्टचा रेट मंदीत खाली आला की तेजीत तो वर जात नाही, परचेसच्या सिस्टीममध्ये तोच कायमचा होतो. गिऱ्हाईक फारच मागे लागलं तर रेटऐवजी दहा दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट द्या, किंवा लहान बॅच करून द्यायची तयारी दाखवा. त्याला साठा कमी करायचाय, त्याला तेच हवं असतं.

काम शोधताना वाहनांच्या चक्राबाहेर बघा. द्राक्षबागांच्या फवारणी यंत्रांचे पार्ट एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीभोवती हलतात, त्यांचा गाड्यांच्या विक्रीशी संबंध नाही. इलेक्ट्रिकल स्विचगिअरची साखळी नाशकात आहेच. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांतून फॅब्रिकेशन निघेल, पण सरकारी ठेकेदाराचं पेमेंट गृहीत धरू नका, अॅडव्हान्स घ्या. ओझरच्या विमान कामाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. त्याच्या मंजुऱ्यांना वर्ष-वर्ष लागतं, ती तयारी पुढच्या मंदीसाठी.

वसुलीचं एक हत्यार बहुतेक जण वापरत नाहीत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय आयकराच्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) मुदत टळलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत दिली नाही तर गिऱ्हाईकाला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. व्याजाची नोटीस पाठवली की नातं तुटतं. पण फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्सला बिलांची यादी आणि उद्यम प्रमाणपत्र गोड भाषेत पाठवलं तर चेक निघतात. गिऱ्हाईक मोठं असेल तर ट्रेड्सवर (बिलावर लगेच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) बिल टाकायला सांगा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी बिल मान्य केलं की पैसे काही दिवसांत मिळतात, आणि पुढे त्यांनी बुडवलं तरी तुमच्याकडे मागत नाहीत.

मशीन विकू नका. मंदीत सगळेच विकायला काढतात, भाव पडलेला असतो, आणि तारण असल्याने बँकेचं ना हरकत पत्रही लागतं. बंद ठेवलेल्या मशीनची मात्र काळजी घ्या. आठवड्यातून एकदा चालू करून सगळे अक्ष पूर्ण फिरवा, स्लाइडला तेल जाऊ द्या. कूलंट काढून टाकी धुऊन ठेवा, नाहीतर सडतं आणि गंज धरतो. कंट्रोलची बॅटरी बघा. बंद मशीनची बॅटरी उतरली की पॅरामीटर पुसले जातात आणि सर्व्हिस इंजिनिअर आल्याशिवाय मशीन उठत नाही. बॅटरी बदलायची ती कंट्रोल चालू ठेवून. आणि पॅरामीटरचा बॅकअप आजच काढून ठेवा.

शेवटचा खड्डा तुम्ही विचारलेला नाही, पण लहान युनिटं बऱ्याचदा मंदीत तगतात आणि शेड्यूल परत आल्यावर बुडतात. ११.५ वरून १८ लाखांवर जाताना वसुली अडीच महिने जुन्याच पातळीची येते आणि खरेदी नव्या पातळीची करावी लागते. येण्यांत सुमारे १६ लाख नव्याने अडकतात. सीसी तेव्हा १५ लाखांच्या ड्रॉइंग पॉवरवर असते आणि सप्लायर, ज्याला तुम्ही मंदीत थकवलं, तो रोख मागतो. म्हणून बार सप्लायरचे पैसे कमी का होईना, पण दर महिन्याला ठरल्या तारखेला देत राहा. शेड्यूल वाढल्याचा मेल आला की लगेच होकार देऊ नका. पहिले दोन महिने मटेरियल त्यांनी पुरवावं आणि तुम्ही फक्त जॉबवर्कचं बिल करावं, असं सुचवा. घाईत असलेलं गिऱ्हाईक हे मान्य करतं.